सात जन्मांची खतावणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या वर्षभरात एक प्रश्न मला निरनिराळ्या लोकांनी विचारला. कोणी मंदिराच्या ओट्यावर आरतीनंतर विचारला, कोणी लग्नाच्या पंगतीत. प्रश्न असा, की हल्ली पूर्वजन्मीच्या प्रेमाच्या कादंबऱ्या घरोघर वाचल्या जातात. त्यातली नायिका आजच्या काळातून एकदम दोनशे वर्षे मागे जाते, तिथे तिला जन्मोजन्मीचा सोबती भेटतो, दोघांची ताटातूट होते, आणि पुन्हा कुठल्या तरी शतकात ती एकमेकांना डोळ्यांवरून ओळखतात. सुना-नाती मोबाईलवर वाचतात. आणि खरं सांगायचं तर आपल्या वयाची मंडळीही चष्मा पुसून पुसून वाचतात. मग एकीकडे मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह आणि दुसरीकडे उशाशी ही पुस्तके, हे चालते का? आणि त्या पुस्तकांत ज्याला ‘सोलमेट’ म्हणतात, तो आपल्या शास्त्राला मान्य आहे का?

मी शास्त्री-पंडित नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शाखाशाखांतून जमा-नावे लिहिता लिहिता साठ वर्षांचा झालो. तेव्हा उत्तर देणार ते खतावणी लिहिणाऱ्या माणसाच्या बुद्धीने. चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

हे वेड परदेशी आहे काय?

पहिला आक्षेप असतो तो असा, की हे सगळे विलायती खूळ आहे. कालप्रवासाचे यंत्र एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९५ साली आपल्या कादंबरीत आणले, हे खरे. त्यात प्रेमकथा मिसळून पुढे तिकडे पुष्कळ पुस्तके निघाली. डायना गॅबाल्डन या लेखिकेची ‘आउटलँडर’ १९९१ साली आली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, एक परिचारिका नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमध्ये फिरायला जाते, तिथल्या उभ्या शिळांच्या वर्तुळातून एकदम १७४३ साली पोचते आणि तिथे तिला दुसरे लग्न करावे लागते. हे पुस्तक मुलीने घरी आणले होते. मी शब्दकोश शेजारी ठेवून पुरे वाचले.

पण आपल्याकडे पाहा. आपण मराठीत या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतो. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती लोक नवलकथा म्हणतात, आपण आणि आपले शेजारी कानडी लोक कादंबरी म्हणतो. हा शब्द आला कुठून? सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ नावाचा संस्कृत गद्यग्रंथ लिहायला घेतला. तो अपुरा राहिला, म्हणून त्याच्या मुलाने पुरा केला. आणि त्यात आहे काय? तर पूर्वजन्मीचे प्रेम! चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता अशा दोन जोड्या. पुंडरीक विरहाने मरतो, वैशंपायन होऊन जन्मतो, शापाने पोपट होतो. चंद्रापीड मरतो आणि राजा शूद्रक होऊन जन्मतो. इकडे कादंबरी त्याचा देह सांभाळत बसते. शेवटी पोपटाच्या तोंडून कथा उलगडते आणि सगळ्यांची भेट होते. म्हणजे आपल्या भाषेत ‘कादंबरी’ हे नावच मुळी एका जन्मजन्मांतरीच्या प्रेमकथेवरून पडले आहे. त्यामुळे सुनेला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

कालप्रवासही आपल्याला नवा नाही. भागवतात रेवत ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवती उपवर झाली. कोणते स्थळ चांगले हे खुद्द ब्रह्मदेवालाच विचारू म्हणून राजा तिला घेऊन ब्रह्मलोकात गेला. तिथे गंधर्वांचे गाणे चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. गाणे संपल्यावर मनातल्या स्थळांची यादी ब्रह्मदेवापुढे ठेवली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. म्हणाले, बाबा रे, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली, तुझ्या यादीतल्या वरांच्या नातवा-पणतवांचेही नाव आता ऐकू येत नाही. शेवटी तिचे लग्न बलरामाशी झाले. मुलीसाठी एकमेव योग्य स्थळ शोधत बसणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट जरूर वाचावी. यादी हातात राहते आणि काळ निघून जातो.

सिनेमाचे म्हणाल, तर आपल्या पिढीने १९५८ सालचा बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ डोळ्यांत पाणी आणून पाहिला आहे. दिलीपकुमार-वैजयंतीमालेला पूर्वजन्म चालतो आणि नातीच्या मोबाईलमधल्या नायिकेला चालत नाही, हा न्याय कुठला?

लीलेने मागितलेला वर

पण या सर्वांत मला जी गोष्ट फार मोलाची वाटते ती योगवासिष्ठातली लीलेची. राजा पद्म आणि राणी लीला यांचे एकमेकांवर अतोनात प्रेम. लीलेने सरस्वतीची आराधना करून वर मागितला, की नवरा माझ्या आधी गेला तर त्याचा जीव या महालाबाहेर जाऊ नये. राजा गेला. फुलांनी झाकलेल्या देहापाशी राणी रडत बसली. सरस्वती आली आणि तिने दाखवले, की राजाचा जीव याच खोलीच्या आकाशात आहे, पण तो आता विदूरथ नावाचा दुसराच राजा होऊन राज्य करतो आहे. लीला त्या राज्यात जाऊन पाहून आली. मग सरस्वतीने सांगितले, की याच्याही आधी तुम्ही दोघे एका खेड्यातले गरीब ब्राह्मण जोडपे होता. त्या ब्राह्मणाने एकदा राजाची स्वारी जाताना पाहिली आणि ‘असे वैभव आपल्याला कधी मिळेल’ असे त्याच्या मनात आले. तोच पुढे पद्म राजा झाला. आणि त्या ब्राह्मणाला मरून दिवस किती झाले? अवघे आठ!

राणी चक्रावली. तिचे सारे आयुष्य, लग्न, राज्य, वैधव्य, हे त्या झोपडीतल्या आठ दिवसांत मावले होते. आज कोणी ही कथा नवी म्हणून छापली तर कालप्रवासाची कादंबरी म्हणून खपेल.

पुढे ज्ञान झाल्यावर लीलेला आपले जन्म आठवतात. कधी ती वेल होती, कधी रानातली भिल्लीण होती, कधी चक्क पुरुष होऊन राज्य करीत होती. इथे मी पुस्तक मिटून विचार करीत बसलो. जो जीव कधी बाई, कधी बुवा, कधी वेल होतो, त्याचा ‘एकच ठरलेला जोडीदार’ कोणत्या रूपात धरायचा? वेल असताना ती ज्या झाडावर चढली, ते झाडही त्याच नात्यातले म्हणायचे का?

अर्धा जीव की पुरा?

‘सोलमेट’ या कल्पनेचे मूळ शोधले तर ते ग्रीकांकडे निघते. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादात अ‍ॅरिस्टोफेनिस नावाचा नाटककार एक गंमतीची गोष्ट सांगतो. पूर्वी माणसे जोडलेली होती, चार हात, चार पाय, दोन तोंडे. ती मातली म्हणून झ्यूस देवाने त्यांना मधोमध चिरले. तेव्हापासून प्रत्येक अर्धा आपल्या दुसऱ्या अर्ध्याला शोधत हिंडतो. विनोदाने सांगितलेली ही गोष्ट पुढे लोकांनी खरी धरली, आणि ‘तुझ्यावाचून मी अपुरा’ हे वाक्य घराघरांत शिरले.

आपले शास्त्र इथे वेगळे बोलते. आपणही पत्नीला अर्धांगिनी म्हणतो, पण ‘अर्धांग’ हा शब्द देहाचा आणि धर्मकार्याचा आहे. पूजेला बसताना, दान देताना, कन्यादान करताना दोघे मिळून एक. आत्मा मात्र कुणाचाच अर्धा नाही. तो पूर्ण आहे, हेच तर सगळ्या उपनिषदांचे सांगणे. तेव्हा ‘माझा अर्धा भाग कुठेतरी हरवला आहे’ हे दुःख आपल्या वेदान्ताला मान्य होण्यासारखे नाही.

मग नवरा-बायको, आई-मूल, शेजारी-मित्र एकत्र येतात ते कशाने? त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: ऋणानुबंध. आणि हा शब्द बँकेतल्या माणसाला चटकन कळतो. ऋण म्हणजे कर्ज. अनुबंध म्हणजे मागोमाग येणारे बंधन.

बँकेत एक प्रकार असतो. ज्या खात्यात दहा वर्षे कोणी व्यवहारच करत नाही, त्यातली रक्कम बेवारस ठेव म्हणून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. ही योजना २०१४ पासून आहे. खातेदार किंवा वारस पुढे आला, पुरावे दिले, की पैसे परत मिळतात. कादंबऱ्यांतला जन्मोजन्मीचा सोबती मला या बेवारस ठेवीसारखा वाटतो. कुठल्या तरी शाखेत आपल्या नावाने सुख जमा आहे, आपण फक्त जाऊन ओळख पटवायची आणि रक्कम उचलायची! ऋणानुबंधाचा हिशेब उलटा आहे. तिथे आपल्या नावावर जमा नसून येणे-देणे आहे. समोरचा माणूस आपल्याकडे आला तो बहुधा काही घ्यायला किंवा काही फेडायला. एक विचारसरणी विचारते, ‘मला काय मिळायचे आहे?’ दुसरी विचारते, ‘माझ्याकडून काय द्यायचे राहिले आहे?’ दोन्हींत पुनर्जन्म आहेच. पण पहिलीतून अपेक्षा वाढते, दुसरीतून कर्तव्य.

गुरुचरित्रात पूर्वजन्म कसा येतो?

श्रोतेहो, आपल्या गुरुचरित्रातही पूर्वजन्म ठायी ठायी आहेत. नवव्या अध्यायातला रजक आठवा. कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभांची मनोभावे सेवा करणारा तो धोबी. कृष्णेच्या पात्रात यवन राजाची नौका, स्त्रिया, लवाजमा पाहून त्याचे मन क्षणभर हेलावले. गुरूंनी ते ओळखले, आणि ही वासना पुढच्या जन्मी भोगून पुरी कर म्हणाले. तो बेदरचा राजा झाला. राज्य भोगले. पुढे मांडीवर फोड आला, औषध लागेना, म्हणून शोधत शोधत श्रीनृसिंहसरस्वतींकडे गेला. गुरूंनी त्याला जुन्या ओळखीने रजक म्हणून हाक मारली आणि त्याला सगळे आठवले.

आता योगवासिष्ठातला तो ब्राह्मण आणि गुरुचरित्रातला हा रजक शेजारी ठेवा. दोघांनी राजाची स्वारी पाहिली, दोघांच्या मनात हुरहूर उठली, दोघे राजे झाले. जन्म घडवणारी गोष्ट वासना आहे, हे दोन्ही ग्रंथ सांगतात. आणि ओळख पटली तेव्हा रजकाला काय मिळाले? पूर्वीची बायको मिळाली नाही, पूर्वीचे घर मिळाले नाही. गुरू मिळाले. आपल्या संप्रदायात जन्मांतरानंतर भेटणारा तो जिवाचा सोबती असेल तर तो हा आहे.

तसेच आठव्या अध्यायातली ती दुःखी आई. मंदबुद्धी मुलाला घेऊन जीव द्यायला निघाली होती. श्रीपादांनी तिला वाचवले, शनिप्रदोषाचे व्रत सांगितले. पुढच्या जन्मी आपल्यासारखा पुत्र व्हावा असे तिने मागितले, आणि ती कारंज्याला जन्मली. तिच्या पोटी श्रीनृसिंहसरस्वती आले. ते कारंजे आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, मेहकर-लोणारच्या लोकांना जवळचेच. तिने जन्मोजन्मीचे नाते मागितले ते आईपणाचे. नात्याचा पुढचा हप्ता प्रियकर-प्रेयसीचाच असला पाहिजे असे आपल्या परंपरेत कुठेही नाही.

आणि माहूरच्या गोपीनाथाच्या मुलाची कथा. क्षयाने खंगलेल्या नवऱ्याला घेऊन ती तरुण पत्नी गाणगापूरला आली आणि येताच त्याचा प्राण गेला. श्रीगुरूंनी त्याला उठवले. ब्रह्मलिखित कसे बदलले असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की याचे पुढच्या जन्मीचे आयुष्य ब्रह्मदेवाकडून मागून घेतले. म्हणजे आमच्या भाषेत ॲडव्हान्सच! पण त्याचे मर्म पाहा. कादंबरीतली माणसे चालू जन्म टाकून मागच्या किंवा पुढच्या जन्माकडे धावतात. गुरूंनी पुढचा जन्म मोडून या जन्मात घातला. गुरूंना किंमत वाटली ती या जन्मातल्या, डोळ्यांसमोर रडणाऱ्या बाईच्या संसाराची.

सावित्रीने सात जन्म मागितले होते का?

इथे वटपौर्णिमेचा विषय निघणारच. सात जन्म हाच पती मिळावा म्हणून आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात. पण महाभारताच्या वनपर्वात मूळ कथा वाचा. सावित्रीने यमाकडे सासऱ्याची दृष्टी आणि राज्य मागितले, वडिलांना पुत्र मागितले, स्वतःला पुत्र मागितले आणि सत्यवानाचे प्राण मागितले. पुढच्या जन्माबद्दल ती अक्षर बोललेली नाही. सत्यवानाला एकच वर्ष आयुष्य आहे हे नारदांनी सांगूनही तिने त्यालाच वरले. तिचे सगळे बळ याच जन्मावर लागलेले होते.

गेल्या वटपौर्णिमेला आमच्या घरी हाच विषय निघाला. सौ. पूजा करून आली आणि म्हणाली, “मी चाळीस वर्षं सात-सात जन्म मागून राहिली. तुम्ही कधी एक तरी मागितला का?” मी म्हटले, “आधी हा तर नीट होऊ दे.” ती म्हणाली, “मग हा नीट करायचा असंन तर सकाळचा चहा उद्यापासून तुम्ही ठेवा.” तेव्हापासून सकाळचा चहा मी ठेवतो. सात जन्मांची गोष्ट शेवटी साखर किती घालायची इथवर येऊन ठेपते, आणि ते योग्यच आहे.

पण याच विषयाची दुसरी बाजू गंभीर आहे, ती टाळून चालणार नाही. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला आपणच, चांगली देवभक्त माणसे, सांगतो की ‘मागच्या जन्मीचे देणे आहे, फेडून टाक.’ हे बोलणे पाप आहे असे मला वाटते. आपल्या मुदतीच्या कायद्यात साध्या उधारीलाही साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यानंतर दावा चालत नाही. आणि वसुली करायची झाली तरी सावकाराला कर्जदाराला मारण्याचा अधिकार कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. मग ज्या कर्जाचा कागद कोणी पाहिला नाही, त्याच्या वसुलीसाठी एका बाईचे हाड मोडायला आपण मूक संमती कशी देतो? कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या दुःखाकडे धीराने पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखापुढे हात बांधून बसण्यासाठी तो वापरला की तो उलटतो. दुसऱ्याचे दुःख समोर आले, तेव्हा आपला ऋणानुबंध एवढाच, की उठून मदत करावी. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला आहे, त्याची वाट तिला दाखवणे ही सुद्धा सेवाच.

विसरण्याचे वरदान

कोणी म्हणेल, पूर्वजन्म आठवला असता तर हिशेब सोपा झाला असता. ब्रायन वाईस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. संमोहनात त्याच्या एका रुग्ण स्त्रीने आपले अनेक पूर्वजन्म सांगितले, असे त्यात आहे. ते पुस्तक जगभर वाचले गेले. संमोहनात आठवण आणि कल्पना यांची सरमिसळ होते असे मानसशास्त्राचे अभ्यासक बजावतात. तो वाद त्यांच्यावर सोडू. मी गीतेचा चौथा अध्याय उघडतो. भगवंत अर्जुनाला म्हणतात, तुझे माझे पुष्कळ जन्म झाले, ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस. पण ते जन्म ते अर्जुनाला मोजून दाखवत नाहीत. त्याला युद्धाला उभे करतात.

याचे कारण बँकेत ३१ मार्चला कळते. वर्षअखेरीस जुनी वही बंद होते. नव्या वहीत वर्षभराच्या हजारो नोंदी उतरवत नाहीत. फक्त एक ओळ येते: ‘आरंभीची शिल्लक’. ती ओळ म्हणजे प्रारब्ध. जुन्या वह्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, ते संचित. आणि आज काउंटरवर जी नोंद होते ते क्रियमाण. आज गिऱ्हाईक समोर उभे असताना कारकून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन वीस वर्षांपूर्वीची वही चाळत बसला, तर रांग दारापर्यंत जाते. नवरा, बायको, मुले, सुना ही आपली आजची रांग आहे.

जडभरताला पूर्वजन्म आठवत होता. हरणाच्या पाडसात जीव गुंतला म्हणून हरणाचा जन्म घ्यावा लागला, हे त्याला आठवत होते. त्या आठवणीने त्याने काय केले? पाडस शोधायला निघाला नाही. गप्प झाला आणि सावध झाला.

एका स्नेह्याची गोष्ट

हे सगळे तत्त्वज्ञान ज्याच्या घरी माणूस गेले आहे त्याच्यापुढे बोलायला जीभ उचलत नाही. माझे एक स्नेही आहेत. चाळीस वर्षांच्या संसारानंतर पत्नी गेली. त्यांनी या कादंबऱ्यांचा ध्यासच घेतला. रात्र रात्र वाचायचे. सून ताट वाढायची, ते थंड व्हायचे. मला म्हणायचे, “मले फक्त एवढंच सांग, ते पुन्हा भेटंन का नाही?” याला काय उत्तर देणार?

त्यांचे खाते दोघांच्या नावे होते. जोडखात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असे लिहिलेले असते, म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा जो मागे राहील तो. तिचे नाव कमी करायला ते तयार नव्हते. मी एक दिवस पासबुक घेऊन त्यांच्याजवळ बसलो. पाहता पाहता दिसले, की दर जून महिन्यात एक छोटी रक्कम काढलेली आहे. एक वर्ष नाही, सात-आठ वर्षे. ते म्हणाले, “हे कशाचे? मले तर माहीतच नाही.” चौकशी केल्यावर कळले, की घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या मुलीची वह्या-पुस्तके आणि फी ती माउली गुपचूप भरत होती. मुलगी आता बारावीला होती. त्या जूनमध्ये फी भरलेली नव्हती, कारण भरणारी गेली होती.

ते पासबुकातल्या त्या ओळींवर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग उठले, सदरा चढवला आणि माझ्याबरोबर बँकेत आले. त्या वर्षीची फी त्यांनी भरली. पुढच्या वर्षीही भरली.

मागे राहिलेल्या माणसाने खाते चालवायचे असते, एवढाच त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. गेलेल्याच्या नावावरचे देणे आपण पुढे चालू ठेवले, की तो ऋणानुबंध तुटत नाही. ती त्यांना पुढच्या जन्मी भेटेल की नाही हे मला ठाऊक नाही. पण दर जूनमध्ये ती त्यांना भेटते, हे मी पाहिले आहे. कादंबऱ्या ते अजूनही वाचतात. ताट मात्र थंड होत नाही.

मग वाचावे की नाही?

आपले दत्तप्रभू अवधूत. त्यांनी चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी-आकाशही आहे आणि कबुतर आणि पिंगलाही आहे. कपोत-कपोतीचे एकमेकांवर इतके प्रेम, की पिल्ले जाळ्यात सापडताच ती गेली, आणि तिच्यामागे तोही जाळ्यात पडला. विदेहनगरीची पिंगला प्रियकराची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दारात आत-बाहेर करीत राहिली. कोणी आले नाही. शेवटी तिला कळले, की आशाच दुःख देते आहे, आणि जवळचा, सतत आत बसलेला प्रियकर आपण ओळखलाच नाही. मग ती सुखाने झोपली. दत्तात्रेयांनी दोघांनाही गुरू केले. एकाकडून काय करू नये हे घेतले, दुसरीकडून काय करावे हे.

असा अवधूत आज आपल्या गावात आला आणि त्याने नातीच्या हातातली कादंबरी पाहिली, तर तो ती फेकून देईल असे मला वाटत नाही. तो म्हणेल, प्रेमाला शेवट नको असे माणसाला वाटते, एवढे या पुस्तकाने खरे सांगितले. ती ओढ खोटी नाही. पण जे कधीच संपणार नाही, ते शोधायचे ठिकाण दुसरे आहे. आणि शोधताना घरातल्या माणसाला उपाशी ठेवू नको.

म्हणून माझे उत्तर असे. वाचा. सप्ताहाचे सात दिवस बाजूला ठेवा, कारण त्या दिवसांत मन एका ठिकाणी हवे. बाकी वेळी वाचा. मात्र पुस्तक मिटताना एक पाहा, की शेजारच्या माणसाकडे पाहण्याची आपली नजर मऊ झाली की कडू झाली. कडू झाली असेल, हाच माणूस का आपल्या वाट्याला आला असे वाटू लागले असेल, तर ते पुस्तक आपल्याला पचले नाही असे समजा.

आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यात मागच्या जन्मी कोण होता आणि पुढच्या जन्मी कोण होणार, हे विचारत नाहीत. या जन्मी जिवंत आहात का, एवढेच विचारतात. आपल्या घरातली माणसेही आपल्याला रोज हेच विचारत असतात. दत्तजयंतीच्या या पुण्यपर्वावर महाराजांच्या चरणी एवढेच मागणे, की त्या दाखल्यावर रोज खरी सही करता यावी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!